हातात किती

पत्रात लिहिलंय: वार्षिक सात लाख वीस हजार,
आकड्यात आणि अक्षरात.
खाली एचआरची सही, निळी, घाईतली.
अंबडला स्विचगिअरचा कारखाना, मी खरेदी विभागात.
सोमवारपर्यंत कळवायचं.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ते ठीक. हातात किती?"

अण्णा तेहेतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये.
रोज त्यांच्या समोरून कोट्यवधी जायचे,
न कापलेले, ताव्यांवर ताव, शाईचा वास असलेले.
आणि सुटताना गेटवर झडती:
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
हातात किती, हा प्रश्न
आमच्या घरात त्यांच्याइतक्या जवळून
कुणी पाहिलेला नाही.

म्हणून मी वीजबिलाच्या पाठीवर मांडायला घेते.

बाराने भागलं, साठ हजार.
त्यातले सहा 'कामगिरीनुसार',
म्हणजे वर्ष संपल्यावर, साहेबाच्या मर्जीने.
ते धरायचे नाहीत.
पीएफ दोनदा जातो,
एकदा त्यांचा म्हणून, एकदा माझा म्हणून,
दोन्ही माझ्याच साठातून.
आहेर करायचा आणि पंगतीचे पैसेही आपणच भरायचे, तसं.
ग्रॅच्युइटी, पाच वर्षं टिकले तर.
विमा, आजारी पडले तर.
माझ्या पगारात केवढे हे 'तर'!
व्यवसाय कर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे:
सगळ्यात लहान महिन्याला सगळ्यात मोठी कात्री.
इन्कम टॅक्स तूर्त शून्य,
पण तो शून्य मी पेन्सिलीने लिहिला.

अठ्ठेचाळीस हजार पाचशे.

"बरे आहेत," अण्णा म्हणाले,
आणि उठून कपाटातला बिस्किटांचा डबा काढला.
त्यात त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, रबर तुटलेल्या,
कागद पापडासारखा.
एकोणीसशे ब्याण्णवचा मे.
सोसायटी, एलआयसी, कँटीन, सणाची उचल,
आणि एक ओळ: पंखा, चाळीस रुपये.
चाळीस, चाळीस, चाळीस, दीड वर्ष.
मी वर पाहिलं.
ती वजावट अजून फिरते आहे,
थोडी कुरकुरत.

आता खर्चाचा रकाना.
जेल रोड ते अंबड, जाऊन-येऊन तीस किलोमीटर,
द्वारकेला उभ्या उभ्या जळतं ते पेट्रोल वेगळं.
गाडीचा हप्ता एकतीसशे.
किराणा, गॅस, दूध.
शरयूची फी, शरयूची बस,
आणि 'ॲक्टिव्हिटी' नावाचं काहीतरी, ज्याची पावती मिळत नाही.
अण्णांच्या गोळ्या त्यांच्या पेन्शनमधून,
हे ते स्वतःच मोठ्याने सांगतात.
कोर्टाने ठरवून दिलेले महिना सात हजार
मी जमेच्या बाजूला लिहिले,
मग खोडले.
तेही कामगिरीनुसार.

शेवटची ओळ मी बारीक अक्षरात लिहिली,
डावा तळहात आडवा धरून,
शाळेत बाकावरच्या मुलीपासून उत्तर लपवायचे तसा:
पाथर्डी फाटा, दोन खोल्या, साडेनऊ हजार.
डिपॉझिट तीस.

चार वर्षं झाली मला इथे परत येऊन.
कुणी काही म्हणत नाही.
कुणी काहीच म्हणत नाही, हेच.

अण्णा समोर बसलेत, कागद त्यांना उलटा दिसतोय.
पण सबंध आयुष्य ताव दोन्हीकडून तपासलेला माणूस,
त्याला उलटं-सुलटं काय!

"साडेनऊ जास्त सांगतोय तो," ते म्हणाले.
"आठला मिळेल. वरचा मजला घेऊ नकोस, तापतो."
आणि पुन्हा पेपरात गेले,
पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मी साडेनऊ खोडून आठ केले.
आता सगळी बेरीज परत.
पंख्याच्या वाऱ्याने बिल उडू पाहत होतं,
त्यावर चहाचा कप ठेवला.
आठ हजारांवर गोल डाग पडला.